बाईसाहेबांच्या अंगावरचे तांबूस ठिपके

"पुन्हा! पुन्हा आले मेले!"

फौजदारनं हातातला फडका जमिनीवर आपटला. काल संध्याकाळी ज्या पत्र्यात तिघांनी आपापले दात बघितले होते, त्याच पत्र्यावर आज सकाळी तांबूस ठिपके! कुणीतरी चिमटीनं तिखट भुरभुरावं तसे.

"काल पुसले होते ना आपण?" प्रश्न्यानं विचारलं.

"नाही, काल आपण पतंग उडवत होतो!" फौजदार कडाडली. "काय विचारतोस रे? माझा हात खांद्याच्या वर जात नाहीये!"

फौजदार आठवीतली, म्हणजे तिघांत मोठी. हुकूम सोडायची सवय, म्हणून हे नाव. प्रश्न्या तिचा धाकटा भाऊ. आणि टिल्ली ही काकांची मुलगी, उंचीनं एवढीशी आणि आवाजानं गावभर. सुट्टी लागल्यापासून तिघं एकाच कामाला जुंपली होती. बाईसाहेबांना चकाचक करायचं!

बाईसाहेब म्हणजे आत्याची जुनी घरगाडी. मागे पलंग, मध्ये घडीचं टेबल, कोपऱ्यात शेगडी आणि बाहेरून सगळीकडे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. आत्या नकाशे बनवणाऱ्या खात्यात होती आणि कामावर असताना ती या गाडीतच राहायची, जेवायची, झोपायची. आता तिचा पाय मोडला होता. प्लास्टर निघालं होतं, डॉक्टरांनी काठी घेऊन जिना उतरायचा सराव करायला सांगितलं होतं, आणि बाईसाहेब अंगणात काळवंडून उभी होती.

अंगणातली ती जागा काकांना हवी होती. त्यांना तिथे शेड वाढवायची होती. "गंजलेला डबा आहे तो!" असं म्हणून त्यांनी भंगारवाल्याला शनिवारी बोलावूनही टाकलं. मुलांनी गयावया केली तेव्हा म्हणाले, "बरं! शनिवारी तिच्या अंगावर गंजाचा एकही डाग दिसला नाही, तर राहू दे. दिसला, तर गेली. मग रडायचं नाही!"

आत्या भांडली नाही, हेच वाईट होतं. तिनं फक्त काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "गाडीच जाणार असेल, तर मी खाली उतरून जाऊ कुठे?" त्या दिवसापासून तिनं काठीला हात लावला नव्हता.

पॉलिश करण्यात मजा असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा करून बघावं. आधी धुवायचं. मग हातभर जागा घ्यायची, जुन्या बनियनच्या तुकड्यावर चिमूटभर पॉलिश घ्यायचं आणि घासायचं. घासलं की काळं होतं. पत्रा काळा, फडका काळा, नाकही काळं! मग स्वच्छ फडक्यानं पुसलं की खालून चांदीसारखी चमक. मग पुढची हातभर जागा. गाडीखालचा सांगाडा लोखंडी होता. पाठीवर पडून त्याचा गंज ब्रशनं खरवडला, पॉलिश पेपर मारला, वर लाल प्रायमर आणि काळा रंग लावला. गंजाची पूड डोळ्यांत, केसांत, कानांत! तिथे पुन्हा गंज आला नाही. आणि वरच्या पत्र्यावर मात्र रोज सकाळी नवे ठिपके. राग येणार नाही तर काय!

"बघा, सांगितलं नव्हतं?" काका चहाचा कप घेऊन आले. "आतून कुजलीये ती. उगीच हात दुखवून घेताय."

"पण काका, कालच पुसलं!"

"वर पुसून काय होतंय? आतून येतंय ते!" म्हणत ते गेलेसुद्धा.

फौजदारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक जिना चढून आत्याकडे गेली, मागोमाग बाकीची दोघं.

"आत्या, आम्ही हरलो!" ती धपकन पलंगावर बसली. "रोज घासतो, रोज गंजतं!"

"अ‍ॅल्युमिनियम गंजतं का पण?" प्रश्न्यानं विचारलं.

"आता तुझे प्रश्न नकोत हं!"

"थांब गं," आत्या उठून बसली. "त्यानं बरोबर विचारलं. अ‍ॅल्युमिनियम पांढुरकं पडतं, काळवंडतं. पण तांबूस गंज? तो लोखंडालाच येतो."

"मग पत्र्यावर लोखंड आलं कुठून?"

"तारेच्या घासणीनं घासलंत का? तिचे तुकडे रुततात आणि गंजतात."

तिघांचे चेहरे पडले. पहिल्या दिवशी काकांनीच तारेची घासणी दिली होती. 'घासा बिनधास्त, काही होत नाही!' म्हणाले होते. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूध उतू गेलं तरी काही होत नाही, गॅलरीतली कुंडी हलली तरी काही होत नाही.

"पण ती आपण केव्हाच फेकून दिली!" टिल्ली ओरडली. "आणि ठिपके एकाच बाजूला येतात. शेडच्या बाजूला!"

सगळे तिच्याकडे बघत राहिले. इतके दिवस घासत होते, पण हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उजवी बाजू लख्ख होती. मार खात होती ती डावी!

टिल्लीनं फ्रिजच्या दारावरचा लोहचुंबक काढून खाली अंगणात आणला. पिशवीत गुंडाळून तो डाव्या बाजूच्या खिडकीखालच्या पट्टीवर फिरवला, आणि पिशवीवर बारीक काळी पूड उभी राहिली.

"अय्या, मिशा!" टिल्ली नाचायला लागली. "चुंबकाला मिशा आल्या!"

"लोखंडाची पूड!" प्रश्न्याचे डोळे विस्फारले. "पण टाकतं कोण?"

"आपण असताना कुणी टाकत नाही," फौजदार म्हणाली. "म्हणजे आपण नसताना. आपण कधी नसतो? दुपारी! वर आत्याबरोबर जेवायला जातो, आणि ती झोपते म्हणून खिडक्या लावून पंखा सोडून पत्ते खेळतो. चला, आज लपायचं!"

दुपारी तिघं मोठ्यानं "जेवायला चला रे!" असं ओरडली, जिन्यावर पाय आपटले आणि गुपचूप मागच्या दारानं बाईसाहेबांच्या पोटात शिरली. पलंगाखाली नकाशांचे रिकामे खण, वर कोंदट उकाडा. टिल्लीच्या पोटात कावळे ओरडायला लागले होते.

"श्श!"

"मी नाही, पोट बोलतंय!"

तेवढ्यात बाहेर खर्रर्र असा आवाज झाला. मग खिडकीच्या काचेवर टक टक टक! फौजदारनं पडद्याची कड उचलली, आणि तिचा आ वासलेलाच राहिला.

डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात लोखंड घासायचा ग्राइंडर, समोर लोखंडी रॅक. आणि रॅकमधून उडालेला ठिणग्यांचा झोत सरळ बाईसाहेबांच्या अंगावर! काका मजेत गाणं गुणगुणत होते.

"बाबा?" टिल्लीचा चेहरा एवढासा झाला.

तिघं तीरासारखी बाहेर आली. "काका! थांबवा! तुमच्या ठिणग्यांनीच गाडी गंजतेय!"

काकांनी ग्राइंडर बंद केला आणि चष्मा कपाळावर चढवला. "ठिणगी? ती विझली की संपली. काही होत नाही!"

"ती लोखंडाची असते काका! पत्र्यावर चिकटते, पहाटे दव पडतं, मग गंजते!"

"मला शिकवू नका. शेडमध्ये पुठ्ठे आहेत, तिथे ठिणगी उडाली तर पेटतील. म्हणून बाहेर करतोय. शनिवारपर्यंत रॅक व्हायला हवा. जा, जेवा!"

दुसऱ्या दिवशी मुलांनी डाव्या बाजूवर जुन्या चादरी बांधल्या. काकांनी त्या ओढून काढल्या. "चादर पेटली म्हणजे? अक्कल आहे का?" पुठ्ठा पेटतो हे कळतं, चादर पेटते हे कळतं, पण पत्र्यावर पडलेलं लोखंड कळत नाही! फौजदार रागानं रडली. कुणाला दिसू नये म्हणून चाकामागे जाऊन रडली, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"त्याला सांगून पटत नाही," आत्या म्हणाली. "लहानपणापासून असाच. स्वतःच्या वस्तूला लागल्याशिवाय त्याला कळत नाही."

फौजदारनं नाक पुसलं. प्रश्न्यानं तिच्याकडे बघितलं. "काकांची सगळ्यांत लाडकी वस्तू कोणती?"

"शिडी!" टिल्ली किंचाळली. "बाबाची नवी शिडी!"

नवी कोरी अ‍ॅल्युमिनियमची घडीची शिडी! काका तिला कुणालाही हात लावू देत नसत. आल्यागेल्याला मात्र उघडून दाखवत. शुक्रवारी दुपारी ती बाईसाहेबांच्या डाव्या अंगाला, बरोब्बर ठिपक्यांच्या जागी टेकून उभी राहिली. काकांनी चष्मा चढवला, ग्राइंडर सुरू केला आणि गाणं गुणगुणत रॅक पुरा केला. शिडीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

शनिवारी सकाळी भंगारवाला आला. काका त्याला ऐटीत डाव्या बाजूला घेऊन गेले. "बघा, गंजच गंज! सगळा पत्रा गेलाय. मुलांनो, ठरलं होतं ना?"

"हो काका," फौजदार अगदी शहाण्यासारखी म्हणाली. "ठरलं म्हणजे ठरलं. भंगारवाले दादा, मग ही शिडीही घेऊन जा. तीही गंजलीये."

"काय?" काकांनी शिडीकडे बघितलं आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. पायऱ्यांवर, दांड्यांवर तांबूस ठिपके! "माझी शिडी! अरे, ही नवी आहे! हिला गंज येईल कसा? अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही!"

भंगारवाल्यानं गाडीकडे बघितलं, शिडीकडे बघितलं, मग रॅककडे बघितलं.

"बाबा," टिल्लीनं हळूच विचारलं, "मग बाईसाहेब कशी गंजली?"

टिल्लीनं चुंबक शिडीवर फिरवला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. मिशा!

भंगारवाला पोट धरून हसला. मग वाकून त्यानं गाडीखाली हातोडी ठोकून बघितली. ठण्ण! ठण्ण! "सांगाडा ठणठणीत आहे साहेब. ही भंगारात देणार असाल, तर आधी तुम्हालाच न्यावं लागेल!"

काका कान खाजवत उभे राहिले. "चुकलं माझं," ते अखेर पुटपुटले. "पोरांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. रोज घासत होती बिचारी, आणि मी रोज त्यांच्या कामावर पाणी फिरवत होतो."

"मग घ्या!" फौजदारनं काळाकुट्ट फडका त्यांच्या हातात ठेवला. "हातभर जागा, चिमूटभर पॉलिश."

काका घासत राहिले. थोड्याच वेळात खांद्याला हात लावून कण्हायला लागले. "आई गं! हे रोज करत होतात तुम्ही?"

"काही होत नाही, बाबा!" टिल्ली म्हणाली, आणि तिघं खो खो हसत सुटली.

तेवढ्यात जिन्यावर आवाज झाला. ठक. मग जरा वेळानं पुन्हा ठक. सगळ्यांनी वर बघितलं. आत्या! एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर, ओठ घट्ट मिटलेले.

"ताई, थांब, मी येतो!" काका धावले.

"तू घास," आत्या म्हणाली. "मला पोरं आहेत."

तिघं जिन्यावर धावली. एकेक पायरी करत ती खाली आली आणि बाईसाहेबांच्या लख्ख उजव्या अंगासमोर उभी राहिली. पत्र्यात ती दिसत होती, आणि तिच्याभोवती काळ्या नाकांची तीन तोंडं. तिनं तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला.

"मी हिला एवढी वर्षं चालवली," ती म्हणाली, "पण एवढी देखणी कधी ठेवली नव्हती. शाब्बास रे पोरांनो!"

फौजदारनं हातानं नाक पुसलं आणि ते आणखीच काळं केलं. प्रश्न्याला मात्र एक प्रश्न होताच.

"आत्या, पण आता खाली उतरून जाणार कुठे?"

आत्यानं काठी टिल्लीच्या हातात दिली आणि गाडीचं दार उघडलं. "आधी आत तर बसू दे मला," ती म्हणाली. "मग नकाशा काढा."