खुंटीवरचा पट्टा

शपथा घेऊन भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांवर माझा कधीच विश्वास बसला नाही. म्हणून मी शपथ घेत नाही. पण हे घडलंय. भर दुपारी, आमच्याच गोठ्यात.

धाकटी बहीण संशोधन केंद्रात कामाला होती. जनावरं कशी खातात, याचा अभ्यास. गाईच्या तोंडाला सेन्सरचा पट्टा बांधायचा. घास किती, रवंथ किती, सगळं मोबाईलवर दिसायचं. नवा पट्टा आला की पहिली चाचणी आमच्या घरच्या गाईवर.

एकदा तिनं तसाच एक पट्टा माझ्याच हनुवटीला बांधला.

"अगं, मी काय गाय आहे?"

"गाय निदान वेळेवर खाते, ताई. तुझ्यावरच लक्ष ठेवायला हवं."

मोबाईलमध्ये गाईच्या नावाखाली तिनं माझंही नाव घातलं. 'ताई'. कुणी उपाशी राहिलं की फोन वाजायचा.

मग धाकटी आजारी पडली... आणि गेली.

रोज दुपारी ती केंद्रातून यायची आणि डबा घेऊन गाईसमोर बसायची. दोघी बरोबर जेवायच्या. ती गेल्यापासून गाईनं वैरणीला तोंड लावलं नाही. तिचा फोन आता माझ्याकडे होता. तो सारखा वाजायचा.

'गाय: खाल्लं नाही.'

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "हे औषधाचं काम नाही, बाई. आज खाल्लं नाही, तर ही उद्या उठायची नाही."

ते गेले, आणि फोन पुन्हा वाजला.

बघते तर...

'ताई: खाल्लं नाही.'

माझा पट्टा खुंटीवर होता. त्यातला सेल धाकटीनंच कधीचा काढून घेतला होता.

आणि खरंच, ती गेल्यापासून मी धड जेवले नव्हते.

ताट वाढलं. गोठ्यात गेले, धाकटीच्या जागेशेजारी बसले. एक घास घेतला. हळूहळू चावत राहिले.

सगळं शांत. माश्यासुद्धा गप्प.

मग... करकर. करकर.

गाय खात होती! पण बघत माझ्याकडे नव्हती.

माझ्या शेजारी बघत होती...

फोन पाहिला. दोन्ही नावांपुढे घास वाढत होते.

केंद्रातले लोक म्हणाले, यंत्रात बिघाड असेल. असेल बाबा.

आता गाय नीट खाते. मीही खाते. म्हणून फोन वाजत नाही.

कधी कधी मी मुद्दाम जेवत नाही. ताट झाकून गोठ्यात बसते. फोन समोर ठेवते.

काल वाजला नाही.

आजही अजून नाही.

पण आत्ता, हे लिहितालिहिता, गाय खायची थांबलीय... आणि माझ्या शेजारी बघतेय.