बगळ्यांच्या गावचा वायरमन

त्या शनिवारी दुपारी ओपलबाईंच्या पेट्रोल पंपावर मी कॉफी घ्यायला उतरले, आणि दुकानातून बाहेर पडता पडता एका बगळ्यावर आदळले.

बगळा म्हणजे विनस्लो कॉलेजचा माणूस. पिवळाधमक शर्ट, छातीवर लांब मानेचा पक्षी, आणि चेहऱ्यावर तो विनस्लोवाल्यांचा जन्मजात माज. मी नदीच्या अलीकडची, टॅलबर्ट कॉलेजची. आमचा रंग निळा आणि आमच्या शर्टावर खेचर. बास्केटबॉलमध्ये या दोन कॉलेजांचं साठ वर्षांचं हाडवैर, आणि त्या संध्याकाळी त्यांचीच फायनल. दोघंही तिकडेच निघालो होतो, हे सांगायलाच नको.

माझी अर्धी कॉफी त्याच्या शर्टावर होती.

"सॉरी," मी म्हणाले. "पण डाग अगदी योग्य जागी पडलाय. पक्ष्याचं तोंड झाकलं गेलं."

त्याने आधी शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. करडे डोळे, आणि पापण्या एखाद्या मुलीला हेवा वाटावा अशा. "खेचराकडून फक्त लाथ मिळते असं ऐकलं होतं. त्या मानाने कॉफी म्हणजे पाहुणचारच झाला."

"दुसरी आणून देऊ?"

"कपात की शर्टावर?"

मी हसणार होते. खरंच हसणार होते... पण त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तोंडावरचं हसू तसंच विरलं. मी वळले. आभाळ हिरवं झालं होतं, न घासलेल्या पितळेवर चढतं तसलं हिरवं. वारा एकदम पडला होता. पंपावरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. चक्रीवादळ येतंय हे केंटकीत जन्मलेल्या माणसाला याच्यापुढे वेगळं सांगावं लागत नाही.

मग सायरन वाजला.

"आत!" ओपलबाई गल्ल्यामागून ओरडल्या. सत्तरीच्या बाई, पण आवाज असा की अख्खा पंप हलावा. "दोघंही आत या! मागच्या थंड खोलीत!"

बिअर आणि दुधाचे खोके ठेवायची ती खोली, जाड भिंतींची, बिनखिडकीची. आम्ही तिघं आत शिरलो, त्याने जड दार ओढून घेतलं. मी फोन लावत होते. एकदा, दोनदा, पाचदा. डॅडी उचलत नव्हते.

"कोणाला लावताय?" त्याने विचारलं.

"डॅडींना. कटर टेकडीवर राहतात. एकटे. पत्र्याच्या घरात..." ती घरं चाकांवर आणून ठेवतात, आणि चक्रीवादळ ती पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी उचलतं. डॅडींच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. म्हणून तर ते मॅचला न येता रेडिओ घेऊन घरी बसले होते.

दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. काळोख झाला. मला माझाच श्वास ऐकू यायला लागला, कुत्र्याच्या धापेसारखा.

"नाव काय तुमचं?" अंधारातून त्याचा आवाज आला.

"नेल. नेल प्रॅथर."

"मी एमेट विंगो. विजेच्या कंपनीत वायरमन आहे. नेलबाई, एक सांगा... दोन हजार चारच्या त्या मॅचला तुम्ही होतात?"

"हे आत्ता विचारायचंय तुम्हाला?"

"आत्ताच विचारायचंय."

दोन हजार चार! टॅलबर्टच्या माणसासमोर ते साल काढायचं म्हणजे जखमेवर बोट ठेवायचं. "मी सात वर्षांची होते," मी म्हणाले. "डॅडी आमच्या टीमची बस चालवायचे. त्यांच्या खांद्यावर बसून पाहिली मी. शेवटचा दीड सेकंद उरला होता, आम्ही एका गुणाने पुढे—"

"आणि आमच्या टोबी क्रॅडकने अर्ध्या मैदानातून डाव्या हाताने बॉल थेट बास्केटमध्ये टाकला."

"उजव्या!"

"डाव्या."

"उजव्या हाताने! आणि बॉल त्याच्या हातात आला तरी घड्याळ सुरूच झालं नव्हतं! तो तुमचा घड्याळवाला लेलँड ग्रूम... झोपला होता की मुद्दाम केलं, देव जाणे! आमच्या कोच हेंडलींनी पायातला बूट काढून घड्याळावर भिरकावला."

"आठवतंय. माझ्या आजोबांच्या डोक्यावर पडला तो. आमचे कोच मॅबरी स्वतः तो परत द्यायला गेले होते, रुमालाने पुसून. हेंडलींनी घेतला, घातला, आणि लेसही न बांधता तडक बसमध्ये जाऊन बसले."

"डॅडी सांगतात, ते परतीच्या वाटेवर रडले होते," मी म्हणाले. "सगळी पोरं झोपल्यावर. फक्त डॅडींना आरशात दिसलं."

 तो हळूच म्हणाला, "आमचे मॅबरीही त्या रात्री जेवले नव्हते म्हणतात. त्यांना ठाऊक होतं..."

"काय ठाऊक होतं?"

"घड्याळ उशिरा सुरू झालं ते."

वीस वर्षांत कुठल्या बगळ्याने हे कबूल केलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं. डावा हात, उजवा हात... याला सगळं नीट आठवत होतं. मला भांडायला लावायला तो मुद्दाम चुकत होता.

"तुम्ही मला बोलतं ठेवताय," मी म्हणाले.

"मी स्वतःला बोलतं ठेवतोय." त्याचा आवाज अगदी जवळून आला, आणि कापरा होता. "नऊ वर्षांचा असताना आमचं घर असंच गेलं. आईला तीन तासांनी ढिगाऱ्यातून बाहेर काढलं. जिवंत होती... पण ते तीन तास मी..."

मी अंधारात हात पुढे केला. त्याची बोटं बर्फासारखी गार होती.

मग कानात दडे बसले. ओपलबाई मोठ्याने प्रार्थना म्हणू लागल्या, आणि तो आवाज आला. लोक म्हणतात मालगाडीसारखा असतो. मला तो जनावरासारखा वाटला, भिंतीला अंग घासणाऱ्या प्रचंड जनावरासारखा. डबे घरंगळले, बाटल्या फुटल्या, दार बिजागऱ्यांत थडथडू लागलं. एमेटने मला आणि ओपलबाईंना एकदमच खाली दाबलं आणि वरून आडवा झाला. मी त्याचा कॉफीने भिजलेला शर्ट मुठीत धरला होता. माझ्या मनात एकच गोष्ट होती, डॅडींचा गुडघा. त्यांना पटकन उठता येत नाही... पटकन उठता येत नाही...

मग सगळं शांत झालं. ती शांतता त्या आवाजाहून वाईट होती.

दार उघडलं तर दुकान नव्हतंच. वर उघडं आभाळ, आणि रिपरिप पाऊस. माझी गाडी रस्त्यापलीकडच्या शेतात उलटी पडली होती. ओपलबाई खोक्यावर बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी ठीक आहे. माझा मुलगा येईल. तू हिला घेऊन जा, पोरा. उभा काय राहिलास!"

त्याचा ट्रक कसाबसा चालू झाला. दोन मैलांवर एक ओक आडवा पडला होता, तिथून आम्ही पायी निघालो. चिखलात रस्ताभर वायरी लोळत होत्या.

"माझ्या पावलावर पाऊल टाक," तो म्हणाला. "कशालाही हात लावू नकोस. वायर मेलेली दिसते, पण असतेच असं नाही."

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

कटर टेकडीच्या वळणावर मी थांबले. वळणापलीकडे डॅडींचं घर दिसायला हवं होतं.

"मी बघून येतो," एमेट म्हणाला.

"नको. मला एकटीला ठेवू नकोस."

मग आम्ही दोघं वळलो. घराच्या जागी नुसते त्याच्याखालचे सिमेंटचे ठोकळे होते. घर शंभर पावलांवर ओढ्यात, चेपलेलं, कुशीवर. मी किंचाळत धावले. एमेट माझ्या पुढे पोचला, खिडकीतून आत शिरला. मला आत काहीतरी सरकवल्याचा, उचलल्याचा आवाज येत होता. त्याच्या तोंडून काय ऐकायला मिळेल या भीतीने मी कान झाकून घेतले.

तो बाहेर आला. हाताला काच लागून रक्त येत होतं. "आत कोणी नाही, नेल. ऐकतेस? आत कोणीच नाही."

हे चांगलं की वाईट, तेच मला कळेना. आम्ही हाका मारल्या. घसा फुटेस्तोवर मारल्या. आणि मग एमेटने एकदम हात वर केला. "श्श..."

ठक. ठक ठक.

आवाज शेजारच्या जागेतून येत होता. तिथे एका पडलेल्या झाडाखाली जमिनीतल्या तळघराचं दार होतं. ती जागा लेलँड ग्रूमची. हो, तोच घड्याळवाला. निवृत्त होऊन बरोबर डॅडींच्या शेजारी येऊन राहिला होता, आणि डॅडी अकरा वर्षांत त्याच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

एमेटने लेलँडच्या मोडलेल्या शेडमधून करवत शोधली. फांद्या कापायला पाऊण तास लागला. मी ओढत होते, तो कापत होता. दार उघडलं तेव्हा खाली अंधारात दोन म्हातारे चिखलाने माखून बसले होते. डॅडींचा खांदा निखळला होता, आणि लेलँडने स्वतःचा कोट काढून त्यांना गुंडाळला होता.

"सायरन झाला तसा हा आला," डॅडी म्हणाले. त्यांचे ओठ निळे पडले होते. "मला पाठीवर घेऊन आला, नेल. शहात्तर वर्षांचा माणूस..."

"वेळेवर आलो की नाही?" लेलँडने विचारलं.

डॅडींनी त्याची बाही धरली. "आलास," ते म्हणाले, आणि रडायला लागले.

फायनल रद्द झाली. घरं गेलेल्या लोकांना विनस्लो कॉलेजच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये ठेवलं. मैदानावर खाटांच्या रांगा लागल्या. लेलँडचंही घर गेलं होतं; तो आणि डॅडी शेजारी शेजारी. त्यांचं दिवसभर एकच चालायचं: कुठला खेळाडू खरा, कुठला कोच लबाड, कुठला पंच आंधळा. बघता बघता भोवतीच्या खाटांवरचे लोकही त्यात पडायचे. बगळे, खेचरं, सगळेच. बोलणं थांबलं की वारा ऐकू यायचा, म्हणून कोणी बोलणं थांबू देत नसे.

एमेट रोज संध्याकाळी यायचा. सोळा सोळा तास खांबांवर काम करून. अंगाला डांबराचा वास, डोळे लाल. डॅडींसोबत मीही तिथेच राहत होते; तो माझ्या खाटेशी खाली बसायचा, सूप प्यायचा, आणि बसल्या बसल्या झोपायचा. मी त्याच्याकडे पाहत राहायचे. आमच्याकडे मोठ्या वादळानंतर वायरी जोडताना माणसं जातात, हे मला ठाऊक होतं. विचारायचा धीर होत नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी पुन्हा सायरन झाला.

सगळे जण कपडे बदलायच्या खोल्यांजवळच्या बोळात जाऊन भिंतीला टेकून बसले. कोणी बोलत नव्हतं. एमेट नदीकाठच्या रस्त्यावर खांबावर होता, आदल्या रात्रीच सांगून गेला होता. माझी नजर सारखी दाराकडे जात होती.

"कोणाला शोधतेस?" डॅडींनी विचारलं.

"कोणाला नाही."

"तो पोरगा बगळा आहे, नेल."

"माहीत आहे."

 डॅडींनी चांगल्या हाताने मला हलकंसं ढकललं. "मग दाराजवळ जाऊन बस. आला तर आधी तुला दिसेल."

मी दाराजवळ गेले. छपरावर गारा पडू लागल्या. पाच मिनिटं... दहा... मी काचेला कपाळ टेकवून उभी होते आणि रस्ता रिकामाच होता. आणि मग कोपऱ्यावरून तो धावत आला, डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेला अवजारं खडखडत. मी दार उघडलं आणि त्याला आत ओढलं.

"वेडा आहेस का तू?" मी ओरडले. "गारांतून कोणी धावतं? तुमचा ट्रक कुठंय?"

"बाकीचे ट्रकने गोदामाकडे गेले." तो धापा टाकत होता. "मी इकडे आलो."

"का?"

"वाटलं, तू घाबरली असशील." मग त्याने मान हलवली. "नाही. खोटं बोललो. मी घाबरलो होतो. आणि घाबरल्यावर... मला दुसरी कुठली जागाच सुचली नाही, नेल."

त्याच्या पापण्यांवर पाणी होतं. मी ते बाहीने पुसलं. हात थांबेना म्हणून पुसतच राहिले.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "ऐकतोयस? आणि मला त्याचीच भीती वाटते. रोज सकाळी तू त्या खांबावर चढणार, आणि मी रोज—"

"चढणार," तो म्हणाला. "ते काम मी सोडू शकत नाही. सोडतो म्हणालो तर तेही खोटंच होईल."

"मी सोड म्हणतेय का? मी संध्याकाळी ये म्हणतेय."

 बाहेर एक फांदी कडाडून मोडली, आणि आम्ही दोघंही दचकलो. मग त्याने हेल्मेट काढून खाली ठेवलं.

"येईन," तो म्हणाला. "रोज येईन."

बोळात सगळ्यांमध्ये जागा करून आम्ही खाली बसलो. वारा वाढतच होता. मला भीती वाटत होती, अजूनही वाटते. पण त्याचा हात मी हातात घेतला होता, आणि या वेळी तो गरम होता.