त्सेग नसलेली ओळ

"थांबवा! छपाई थांबवा!"

छापखान्याचे कारभारी जिग्दल ओला कागद हातात धरून अंगणात धावत आले. नव्या पोथीचं ते पहिलं पान होतं. अक्षरं ठसठशीत उमटली होती, पण मधल्या एका ओळीत त्सेगच नव्हते.

त्सेग म्हणजे तिबेटी लिपीत अक्षराच्या खांद्याशी बसणारा मोहरीएवढा ठिपका. शब्दातला उच्चाराचा एक तुकडा संपला की एक त्सेग. ते नसल्यामुळे त्या अख्ख्या ओळीतली अक्षरं एकमेकांत घुसली होती.

पान छापायची लाकडी पाटी राबसेलने कोरली होती. पहिल्या पानाचा मान इतक्या तरुण कोरीवकाराला पहिल्यांदाच मिळाला होता.

"मी त्सेग कोरले होते!" राबसेल रडवेला झाला. "कच्चा ठसा सगळ्यांनी पाहिलाय."

ते खरंच होतं. पाटी टिकावी म्हणून तिला कढईतलं कढत लोणी पाजतात; त्याआधी तपासणीसाठी कच्चा ठसा काढतात. त्यात एकही त्सेग कमी नव्हता.

"म्हणजे नंतर कोणीतरी तासले," जिग्दल म्हणाले. "नामडोल, पाट्यांच्या कोठीची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"आणि कोरीवकार व्हायचं कोणाला होतं?"

"मलाच होतं," कोठी सांभाळणारी नामडोल म्हणाली. "हात थरथरतो म्हणून राहिलं. पण हात थरथरतो म्हणून मन कुजतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"जळते ती!" मुख्य कोरीवकार वांगचेन कडाडले. राबसेलचे गुरू तेच. "कच्चा ठसा काढल्यापासून लोण्याच्या कढईपर्यंत ती पाटी माझ्या हातातून खाली उतरली नाही. कढईतून निघाली ती सर्वांदेखत हिच्या कोठीत गेली. मग काय उंदरांनी कुरतडली?"

कोणीतरी फिसकन हसलं. जिग्दल हसले नाहीत.

"नामडोल, बोचकं बांध. दिवस मावळायच्या आत छापखाना सोडायचा."

"जिग्दल, जरा दमानं."

दारात गेन यांगझोम उभ्या होत्या. गावातल्या पोरांना अक्षरओळख करून देणाऱ्या म्हाताऱ्या बाई; गेन म्हणजे शिक्षक, आणि नावापुढचं 'ला' आदराचं. पोरांना गिरवायला अक्षरं छापलेला कागद हवा म्हणून आल्या होत्या.

"गेन-ला, ही चौकशी आहे. शाळा नाही."

"शाळेतही तू असाच उत्तर आधी लिहायचास आणि गणित मागाहून. आण ती पाटी इकडे."

त्यांनी त्या ओळीवरची शाई ओल्या फडक्याने पुसली. पाटी उन्हाकडे तिरकी धरली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"नामडोल, हा सुरा घे. कडेच्या कोऱ्या लाकडावर एक मोहरीएवढा टवका काढ."

"नको ना, गेन-ला. सगळ्यांसमोर?"

"काढ, बाळ."

सुरा थरथरला, घसरला. मोहरीऐवजी बोटभर ओरखडा उठला. नामडोलने मान खाली घातली.

"रडू नकोस. या हातानेच तुला वाचवलंय," यांगझोम म्हणाल्या. "इथे अक्षराला खेटून बसलेला एकेक त्सेग उडवलाय आणि शेजारच्या अक्षराला साधा चरा नाही. हे मुरलेल्या हाताचं काम. आता तिचा ओरखडा पाहा. रंग कोणता?"

"पांढरट," जिग्दल वाकून म्हणाले.

"पाटी लोण्यात मुरते ती वरवर. आत लाकूड कोरंच राहतं. आज कापा, काल कापा, आतलं पांढरं दिसणारच. आणि त्सेग तासलेत ती जागा?"

जिग्दलनी बोट फिरवलं. "काळपट. तेलकट. बाकीच्या पाटीसारखीच."

"म्हणजे त्या जखमांनाही लोणी मिळालं. त्सेग गेले ते कच्च्या ठशानंतर आणि कढईच्या आधी. नामडोलच्या कोठीत पाटी पोहोचली तेव्हा ते नव्हतेच. मधल्या वेळात पाटी कोणाकडे होती, हे आत्ताच एकाने आपल्या तोंडाने सांगितलं."

सगळ्यांच्या माना वांगचेनकडे वळल्या.

"मी का करीन?" वांगचेन म्हणाले. "माझाच शिष्य आहे तो!"

"म्हणूनच. गेल्या खेपेला मी कागद न्यायला आले, तेव्हा बरोबरची पोरं 'राबसेलच्या हातचाच हवा' म्हणून हटून बसली होती. तुम्ही शेजारी उभे होतात. तुमचा चेहरा मी पाहिला, वांगचेन-ला."

वांगचेन एकदम फुटले.

"गावातली पोरं माझी अक्षरं गिरवत मोठी झाली. हा जिग्दलसुद्धा! आता जो येतो तो विचारतो, राबसेलची पाटी कुठली? सुरा धरायला मी शिकवलं याला. मी!"

"आणि माझं बोचकं बांधायला लावलंत," नामडोल म्हणाली. "मला जळकी म्हणताना तुमचा हात नाही थरथरला."



"एकच कळलं नाही," यांगझोमनी हळू विचारलं. "पाटी वायाच घालवायची होती, तर अक्षरंच का नाही तासलीत? नुसते त्सेग का?"

वांगचेननी पाटीवरच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"अक्षरांवर सुरा टेकवला होता," ते म्हणाले. "चालवेना. फार सुंदर कोरली होती हो त्याने."

इतक्या वर्षांत गुरूंच्या तोंडून राबसेलने ऐकलेलं हे पहिलं कौतुक. तो तोंड फिरवून भिंतीकडे उभा राहिला.