उतारावरचं बेचाळिसावं झाकण

त्या शनिवारी सकाळी बाबा नेहमीसारखे घरामागच्या उतारावर गुडघे टेकून बसले होते. तिथल्या लाल मातीत झाकणवाल्या कोळ्यांची एक्केचाळीस बिळं होती. निवृत्तीनंतर दर शनिवारी ते ती तपासत. झाकणाच्या कडेला गवताची काडी लावायची. आतून कोळ्याने झाकण ओढून धरलं की तो घरात आहे, वहीत खूण करायची. जोर लावून उघडायचं मात्र नाही.

"ही मादी तुझ्या लग्नाच्या वर्षीची बरं का. एकाच बिळात जन्म काढते. वाढली की दार तेवढं मोठं करते."

"बाबा, ऑफिसातली माणसं येताहेत जेवायला. निदान ती मळकी चड्डी तरी बदला."

"कोळ्यांची काही तक्रार नाही अजून."

माणसं आली. खिडकीतून बाहेर बघत साहेबांनी विचारलं, "ते कोण?"

"माळी," मी म्हणाले.

खिडकी उघडी होती. बाबांनी मान वर केली नाही. हातातली काडी मात्र थांबली.

पाहुणे गेल्यावर मी बाबांना जेवायला बोलवायला गेले. ते मातीला गाल लावून आडवे पडले होते. अंग गार होतं.

तीन आठवड्यांनी त्यांचे संग्रहालयातले मित्र आले. मी त्यांना काका म्हणते. मोजणीत आणखी खंड नको, म्हणाले. आम्ही दोघांनी एक्केचाळीस खुणा केल्या.

"आणि हे गं काय?"

बाबा पडले होते तिथेच, जेवणाच्या ताटाएवढं झाकण. वर जुनं, वाळलेलं शेवाळ.

"एवढा कोळी नसतो," काका म्हणाले. "कुणाची तरी मस्करी."

त्यांनी कडेला काडी लावली. ती हळूहळू, अखंड आत गेली. कुणी चिमटीत धरून घेतल्यासारखी.

काकांनी वही मिटली. "मी गाडीत बसतो. तूही चल."

मी गेले नाही. कडेत नखं रोवली. झाकण आतून घट्ट धरलेलं होतं.

घरात आहे.

मी कपाळ मातीला टेकवलं. आतली ओढ सैल झाली.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्ही पडलात ते मी पाहिलं होतं. साहेब म्हणाले, माळी झोपला वाटतं. सगळे हसले. मीही हसले. आणि पडदा ओढून घेतला."