उणे नऊ

लाल टोपी दिसली तशी नकिरू स्टुलावरून उठली आणि गुडघ्यात वाकली.

"या आजोबा, बसा. घरचे सगळे सुखरूप?"

"सुखरूप, पोरी, सुखरूप," टोपी म्हणाली. "देव तुला नऊ मुलगे देवो."

आवाज आजोबांच्या मानाने फारच ताजा होता. नकिरूने टेबलावर चाचपून चष्मा शोधला, नाकावर चढवला... आणि पाहते तर काय! समोर लोकरीची लाल टोपी कानांवर ओढून एक उंच तरुण उभा होता. अठ्ठावीस-तीसचा असेल. हसू दाबून दाबून त्याचे गाल फुगले होते.

आता नायजेरियातल्या एनुगूच्या बाजारात लाल टोपीचा मान गावाने मानाची पदवी दिलेल्या वडीलधाऱ्यांचा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हार्मटानचा कोरडा, गार वारा सुटला, सकाळी दात वाजायला लागले, की कुणाची बहीण कुणाला कुठल्या रंगाची टोपी विणून देईल याचा नेम नाही.

"लाज नाही वाटत? म्हाताऱ्यांचा नमस्कार घेता!"

"तुम्ही इतक्या मायेने घातलात... नको म्हणणं बरं दिसलं नसतं." तो पुढे वाकला. "आणि फुकट कुठे घेतला? आशीर्वाद दिला की. जड होतोय का? नऊचे चार करू?"

"काम काय ते बोला."

त्याने खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. आत पोवळ्यांची माळ होती, तुटलेली. आईची, लग्नातली. धाकट्या बहिणीने ओढली आणि घरभर मणी झाले. नकिरूचा धंदाच हा — पोवळी पारखायची, ओवायची, गाठवायची. लग्नसराईत तिला जेवायला फुरसत नसे.

तिने चष्मा काढून ठेवला. एकेक मणी उचलून नाकापासून चार-सहा बोटांवर धरू लागली.

"वास घेताय?"

"बघतेय."

"चष्मा काढून?"

"जवळचं मला चष्म्याशिवायच दिसतं. तुम्हाला दिसणार नाही इतकं दिसतं." ती मणी फिरवत होती. "हा खरा. हा खरा. ह्याला केसाएवढी चीर आहे, ओवताना सांभाळावं लागेल. आणि हे तीन... हे प्लॅस्टिकचे आहेत."

त्याने ते तिन्ही मणी तळहातावर घेतले. मग हळूच म्हणाला, "तीस वर्षं झाली त्या लग्नाला. आईला माहीत नाही."

"बाबांना असेल."

"बाबा!" तो एकदम खो खो हसत सुटला. "तरीच ती माळ काढली की बाबा खोलीतून उठून जातात!"

नकिरूही हसली. खूप दिवसांनी कुणाबरोबर तरी ती इतकी हसली असेल. त्याने नाव सांगितलं, डुबेम. तो पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, शाळांच्या, शिवाय बसगाड्यांच्या पाठीवरची वचनं. "हातभर लांब अक्षरं काढतो मी," जाताना म्हणाला, "आणि तुम्ही मण्याएवढं बारीक बघता. जोडी बरी आहे." म्हणाला आणि गेलादेखील.

माळ शनिवारी तयार होणार होती. तो गुरुवारीच आला. हातात गरम ओक्पाची पानात बांधलेली पुडी होती. शेंगांच्या पिठाचा तो वाफाळता पिवळा गोळा फुंकून फुंकून खात दोघं बसली. त्यानंतर तो माळेसाठी येत नव्हता, हे सगळ्या गल्लीला कळलं होतं.

आणि दर वेळी एक गोष्ट घडे. त्याच्या मोटरसायकलचा फटफटाट वळणावर ऐकू आला की नकिरूचा हात चष्म्याकडे जाई आणि चष्मा खणात.

तिचा नंबर उणे नऊ होता. इयत्ता तिसरीपासून तिने चष्मा नाकावर वागवला होता. शाळेत पोरं 'ढापणी' म्हणत, 'बाटलीचं बूड' म्हणत. तिचं पूर्ण नाव नकिरूका, म्हणजे पुढ्यात आहे ते अधिक मोठं, आणि हिला पुढ्यातली म्हैस दिसत नाही, अशी मास्तरांनीही एकदा गंमत केली होती. ते सगळं तिने हसण्यावारी नेलं. पण दोन वर्षांपूर्वी ओनित्शाचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने तिचा चष्मा मागून घेतला, स्वतःच्या डोळ्यांना लावला, "अगं बाई, गरगरतंय की" म्हणाली, आणि मग नकिरूच्या आत्याला विचारलं, "मुलं पण अशीच निपजतील का?" ते लोक पुन्हा फिरकले नाहीत. ते मात्र तिला हसण्यावारी नेता आलं नाही.

म्हणून डुबेम आला की तिचं जग विरघळून जायचं. तो म्हणजे एक उंच, गहिरा ठिपका, रंगाच्या तेलाचा वास, आणि तो आवाज. ओक्पाची पुडी द्यायला तो वाकला की क्षणभर, अगदी क्षणभर, एक भुवई स्पष्ट दिसे, तिच्यावर सांडलेला निळा रंग दिसे. मग तो सरळ झाला की पुन्हा धुकं.

महिनाभराने एकदा तो दारात थबकला.

"नकिरू, एक विचारू? मी आलो की तू चष्मा का काढतेस?"

"काम असतं... जवळचं."

"आत्ता तुझ्या हातात पपई आहे."

तिने पपई टेबलावर ठेवली. मग जे खरं होतं तेच तिच्या तोंडून गेलं. "चष्म्यात मी... डोळे एवढेसे दिसतात माझे. वाटाण्यासारखे."

"दिसतात," तो म्हणाला.

तिला वाटलं होतं, तो नाही म्हणेल.

"वाटाण्यासारखेच दिसतात. पण त्या दिवशी तू चष्मा चढवून माझ्याकडे पाहिलंस ना, तसं मला कुणी पाहिलेलं नाही. सगळे नुसते नजर टाकतात गं. तू पाहतेस. जणू तीन खोटे मणी शोधून काढणार आहेस." त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगळली. "आणि मी रोज घासून दाढी करून येतो, सदऱ्याला इस्त्री करतो, ते कुणासाठी? खणातल्या चष्म्यासाठी?"

नकिरूने खण उघडला. चष्मा लावला. तो खरंच दाढी करून आला होता. हनुवटीखाली कापलंही होतं थोडं.

"तीन नाहीत," ती म्हणाली.

"काय?"

"खोटे. एकही दिसत नाही."

त्या दिवसापासून तिने चष्मा काढला नाही, आणि रस्त्यावर नुसतं काळं टिंब दिसावं इतक्या लांबूनही ती त्याची मोटरसायकल ओळखू लागली.

पुढचं रीतसर झालं. त्याचे वडीलधारे मानाच्या सुपारीसारखे कोलानट घेऊन तिच्या गावी आले, बोलणी झाली, नाताळानंतरचा शनिवार ठरला. आणि मग उगोये आत्याने सूत्रं हातात घेतली. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. घराण्याच्या लेकींमध्ये तिचा शब्द शेवटचा. नकिरूवर जीवही तिचाच जास्त. ओनित्शाचे लोक गेले त्या रात्री नकिरूपेक्षा आत्याच जास्त रडली होती.

"त्या दिवशी चष्मा नाही," आत्याने बजावलं. "दोनशे माणूस येणार. फोटो निघणार. त्यांच्याकडच्या एका जरी म्हातारीच्या तोंडून 'मुलं पण अशीच' निघालं, तर मी जिवंत राहायची नाही."

"आत्या, मला पेला घेऊन त्याला शोधायचंय!"

"तुझ्या आज्जीने शोधला, आईने शोधला, मी शोधला. कुणाच्या नाकावर भिंगं होती?"

खरी पंचाईत तीच होती. ताडीचा पेला हातात देऊन नवरीला मांडवात सोडतात, आणि नवरा कुठेतरी गर्दीत दडवलेला असतो. तिने त्याला शोधायचं, समोर गुडघे टेकायचे, पेला द्यायचा. तो प्यायला की सगळ्यांच्या साक्षीने ती त्याची आणि तो तिचा. भलत्याच्या हातात पेला गेला तर दोन्ही घरांची शोभा, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या लेखी मोठा अपशकुन.

"मी आंब्याखाली बसतो, डाव्या कोपऱ्यात," डुबेम फोनवर म्हणाला. "तू नाकासमोर चालत ये. हवं तर खोकतो."

"सगळे तरुण खोकतातच रे त्या वेळी. 'इकडे बायको, इकडे' म्हणून ओरडतात."

"मग मी गप्प बसेन. जो गप्प, तो मी."

शनिवारी ढोल वाजले. नकिरूच्या गळ्यात तिने स्वतः गाठवलेली पोवळी होती, केसांतही पोवळी. आत्याने तिचा चष्मा काढून घेतला आणि स्वतःच्या लुंगीच्या गाठीत बांधला. "आता बघ कशी दिसतेस," ती म्हणाली. नकिरूला आरशात एक लाल-सोनेरी ढग दिसला.

बापाने पेला भरून दिला, आशीर्वाद दिला. ती निघाली.

"ए सुंदरी, इकडे!"

"माझी तहान बघ गं!"

"तो पळून गेला, मी आहे ना!"

हसू, टाळ्या, ढोल, आणि सगळीकडे रंगांचे नुसते डाग. ती नाकासमोर चालत राहिली. डावीकडे हिरवा मोठा डाग, म्हणजे आंबा. त्याच्याखाली एक उंच आकृती, न बोलणारी. तिचा जीव भांड्यात पडला. तिने गुडघे टेकले, दोन्ही हातांनी पेला वर धरला... आणि काहीतरी खटकलं. तेलाचा वास नव्हता. तपकिरीचा होता. ती तशीच पुढे झुकली, चार-सहा बोटांवर.

पांढऱ्या भुवया. सुरकुत्या.

"पोरी," डुबेमचा थोरला चुलता म्हणाला, "मला काही हरकत नाही गं. पण घरात दोघी आहेत, त्या मला आज जेवायला घालणार नाहीत."

मांडव हसून हसून फुटायची वेळ आली. डुबेमच्या मित्रांनी ऐन वेळी त्याला आंब्याखालून उचलून नेलं होतं. तोंडावर हात दाबून कुठेतरी बसवलं होतं. नकिरू उठली. पेल्यातली ताडी मनगटावर सांडली. पुढचा माणूस चुकला तर हसणार नाहीत, हे तिला कळत होतं. एकदा गंमत, दुसऱ्यांदा अपशकुन.

आणि अंदाजाने? अंदाजाने कुणापुढे तरी जाऊन उभं राहायचं? ज्याने तिला सांगितलं होतं की तू पाहतेस, त्यालाच आज न पाहता निवडायचं?

ती मांडवाच्या मधोमध थांबली. ढोल एकेक करून गप्प झाले.

"आत्या," ती मोठ्याने म्हणाली, "माझा चष्मा दे."

कुणीतरी हसलं. कुणीतरी "काय म्हणाली?" विचारलं.

"लांबचं मला दिसत नाही. लहानपणापासून नाही दिसत. माझी मुलंही कदाचित अशीच होतील, ज्यांना विचारायचंय त्यांनी आत्ताच ऐकून ठेवा." तिने पेला छातीशी धरला. "हा पेला मी आयुष्यात एकदाच देणार आहे. ज्याला देईन त्याला बघून देईन."

मग लुंगीची गाठ सोडत, डोळे पुसत, उगोये आत्या स्वतः मांडवातून चालत आली. तिनेच तो चष्मा भाचीच्या नाकावर ठेवला, पोवळ्यांच्या लडी बाजूला करून दांड्या कानांमागे नीट बसवल्या.

"बघ," आत्या पुटपुटली. "माझं मेलीचंच चुकलं."

आणि जग आलं. एकदम आलं, आंब्याच्या पानापानासकट. ढोलावरची दोरी, म्हाताऱ्यांच्या टोप्यांवरची गरुडाची पिसं, दोनशे चेहरे आणि त्यांच्यावरचे चारशे डोळे. हे सगळं तिला काचेच्या दोन तुकड्यांनी दिलं होतं, आणि ती महिनाभर त्यांना खणात कोंबत राहिली होती! तिला त्या तुकड्यांचा इतका अभिमान वाटला की तिने मान ताठ केली.

स्वयंपाकाच्या चुलींपाशी चार मित्रांच्या मध्ये तो होता. तोंडावर अजून कुणाचा तरी पंजा होता. पण डोळे मोकळे होते, आणि वीस पावलांवरून नकिरूला त्यांतलं पाणी दिसलं. तो घाबरला होता. हा चेष्टेखोर, हातभर अक्षरांचा माणूस, ती त्याच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून लहान मुलासारखा घाबरला होता. तिला आजवर वाटत होतं की घाबरणारी ती एकटीच आहे.

ती सरळ चालत गेली. तिच्यासाठी सगळे बाजूला झाले, या वेळी कुणी 'इकडे' ओरडलं नाही. त्याच्यासमोर तिने गुडघे टेकले, पेल्यातला एक घोट घेतला, पेला वर धरला.

तो पेला घेईना. ती रडत होती आणि भिंगं आतून धुरकटली होती. त्याने हात पुढे केला, तिच्या नाकावरून चष्मा अलगद उचलला, नव्याकोऱ्या भरजरी अंगरख्याच्या कडेने दोन्ही काचा पुसल्या, उजेडात धरून पाहिल्या, परत एकदा पुसल्या. मागून त्याची आई ओरडली, "अरे, तो अंगरखा!" त्याने लक्ष दिलं नाही. चष्मा तिच्या नाकावर परत ठेवला.

"आता दिसतोय?"

"दिसतोयस."

"नीट बघ. नंतर तक्रार नको. काही खोटं...?"

"डुबेम," नकिरू हळूच म्हणाली, "पी आता. माझे गुडघे दुखायला लागलेत."

तो एका दमात प्यायला.