मेलेल्यानं बोलायचं नाही

शेषरावचा पाय थेट राजधानीवर पडला आणि ललिता किंचाळली.

"अहो! दोनशे मानसं मारले तुमी!"

तो बिचारा जागच्या जागी थिजला. अकोल्याच्या रेल्वे क्वार्टरात तो डोमाजी गार्डची मागची खोली भाड्यानं बघायला आला होता. दार चुकला आणि शेजारच्या, गाड्यांचे रूळ बदलणाऱ्या बुधाजी पॉइंट्समनच्या ओसरीत शिरला. तिथं फरशीवर खडूनं काढलेला एक अख्खा मुलूख पसरला होता. इंजिनाच्या जळक्या कोळशाचे डोंगर, निळीची नदी, आणि सरकीच्या दाण्यांचं सैन्य. त्या सैन्यातला बराचसा भाग आता त्याच्या बुटाला चिकटला होता.

"कोनाचे मानसं?" त्यानं घाबरत विचारलं.

"राणीचे! आता भरपाई करा."

"कशी?"

"बसा. खेळा."

बुधाजीची ही मुलगी शाळेत मास्तरीण होती, आणि तिचा हुकूम मोडायची हिंमत वर्गातल्या पोरांनाही होत नसे. शेषराव तर साधा जंगल खात्यातला कारकून. तो बसला!

खेळ ललिताचा स्वतःचा होता. चिंचोके तेवढे अष्टाचंग्याचे. प्रत्येकानं मुलखातलं एकेक माणूस व्हायचं आणि त्याच्याच तोंडानं बोलायचं. संकटाला भिडताना फोडलेले चार चिंचोके टाकायचे. निदान दोन पांढरे पडले तर निभावलं, नाहीतर बुडाला. बाकी सगळं, म्हणजे नदी, वारा, वाघ, पाऊस, ललिता सांगायची. शेजारची पंचफुला राणी होती. डोमाजीकाका परचक्राचे सेनापती. शेषरावच्या वाट्याला आला पुलाचा राखणदार... एक लाल गुंज, बस्स.

नियम एकच कडक होता. मेलेल्यानं बोलायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. मागं डोमाजीकाका मेल्यावरही स्वर्गातून सल्ले देत बसले होते, तेव्हापासूनचा. आणि मेलेलं माणूस परत उठत नसे.

त्रेसष्ट सालचा तो उन्हाळा. शेषरावनं डोमाजीकाकांची खोली घेतली होती. दर रविवारी तो ओसरीत यायचा आणि आपल्या पुलावर उभा राहून नदीशी बोलायचा.

"काहून नदीबाई, आज लय गप्प हाय?"

"नदी बोलत नसते," ललिता खडू मोडत म्हणायची.

"मले तर बोलते. मांगच्या रविवारी हासली बी होती."

"पानी खळखळलं असन."

"खळखळलं का? मंग त्या पान्याले गालावर खळी कशी पडली?"

डोमाजीकाका मिशीतल्या मिशीत खोकायचे. ललिताचे कान तापायचे. पण खेळ संपला की हाच माणूस चपला शोधत "येतो मंग" एवढंच पुटपुटायचा आणि भिंतीकडे बघत निघून जायचा. पुलावर वाघ, अंगणात शेळी! ललिताला त्याचा असा राग यायचा की रात्रीच्या भाकरी करपायच्या. अमरावतीचं स्थळ तिला बघून गेलं होतं, होकारही कळवून बसलं होतं. तिला ते नको होतं. पण नको कशासाठी, हे बापाला सांगायला कुणीतरी आधी बोलायला हवं होतं ना?

मग आला लढाईचा रविवार. बाहेर वैशाखाचं ऊन छपरावरचं कवेलू तापवत होतं, आणि ओसरीत ललिता पाऊस सांगत होती. असा सांगत होती की पंचफुलानं नकळत डोक्यावर पदर घेतला. परचक्राची हजारो सरकी डोंगर उतरली. सकाळीच वेशीवर राणी पडली. "एकडाव उठव ना वं," म्हणून पंचफुलानं डोळ्यांत पाणी आणलं, पण ललिता म्हणाली, "मेलं ते मेलं." राणी तोंडावर हात दाबून कोपऱ्यात बसली.

नगरातली माणसं पुलाकडे पळाली. पुलावर एकटी गुंज. एका डावात एकाच टोळीनं पूल ओलांडायचा.

"तुमी बी निंघून जा," डोमाजीकाकांनी डिवचलं. "डाव तुमचाच हाय."

"माह्या डावात कुंभारवाडा जाऊ द्या," शेषराव म्हणाला. "म्हाताऱ्या बाया हाय तिथं."

त्यानं चिंचोके टाकले. पूल टिकला. पुढच्या डावात कोष्ट्यांची आळी गेली, मग गुरंढोरं, मग नाव नसलेली माणसं. दर वेळी त्यानं आपला डाव दुसऱ्याला दिला आणि दर वेळी चिंचोके टाकताना ललिताकडे बघून हसला. किती सुंदर लढला तो! ललिता पाऊस सांगायचं विसरून त्याच्याकडेच बघत राहिली.

शेवटचं लेकरू पार झालं तेव्हा एकच चिंचोका पांढरा पडला. दुसरा कडेवर अडकून डळमळत होता. ललिताच्या पदराचं टोक लागलं असतं तरी उलटला असता, आणि कुणाला कळलंही नसतं. तिनं पदर आवरून धरला. चिंचोका काळा पडला.

"मेले," ती म्हणाली.

शेषरावनं गुंज उचलली, रेषेबाहेर ठेवली आणि गप्प झाला.

तेवढ्यात बुधाजी आतून बाहेर आला. धुवट धोतर, काखेत छत्री.

"जयभीम, शेषराव."

शेषराव उठून हात जोडून उभा राहिला, पण तोंडातून शब्द नाही.

"मी बडनेऱ्याच्या गाडीनं अमरावतीले जाऊन राहिलो. पोरीसाठी त्या लोकायले हो म्हनून येतो. पन जाच्या आधी सरळ इचारतो. तुमच्या मनात आमच्या ललितेबद्दल काई हाय का?"

शेषरावचा चेहरा लालबुंद झाला, डोळे ललिताकडे वळले. पण ओठ मिटलेले ते मिटलेलेच! पंचफुला कोपऱ्यात गुदमरत होती. डोमाजीकाका जिवंत होते, त्यांना बोलता आलं असतं. पण ते लबाड, छताकडे बघत बसले.

"समजलो," बुधाजी म्हणाला. एकदा विचारलेलं तो पुन्हा विचारत नसे. त्यानं उंबऱ्यावर पाय ठेवला.

"बाबा, थांबा... ते मेले हाय."

"कोन मेलं?"

"हे. पुलावर. आत्ताच. आन् मेलेल्यानं बोलायचं नाई."

दुसरा बाप हसला असता. पण बुधाजीचा जन्म सिग्नल पाळण्यात गेला होता. "नेम त पाळाच लागते," तो गंभीरपणे म्हणाला. "मंग याले जित्तं कोन करते?"

"मीच... पन आजवर कोनालेच केलं नाई."

"मंग ठरव लवकर. माह्यासाठी गाडी थांबनार नाई."

ललितानं पंचफुलाकडे पाहिलं, मग त्या गुंजेकडे. ती उचलली की सगळं सगळ्यांसमोर उघडं होणार होतं. शेषराव अजून गप्पच होता. माणूस आयुष्याचं नुकसान सोसत होता, पण तिचा नियम मोडत नव्हता. असा वेडा दुसरा कुठं मिळणार?

तिनं गुंज उचलली, पदरानं पुसली आणि पुलावर ठेवली.

"उठा," ती म्हणाली. "मोडला मी नेम. तुमच्यासाठी."

शेषरावनं असा श्वास घेतला, जणू खरंच पाण्यातून वर आला होता. "काका," तो अडखळला, "मले इचाराच्या आधी... त्यायले इचारा. त्यायच्या मनात काय..."

बुधाजी खाटेवर बसला. छत्री बाजूला ठेवली आणि जोडे काढू लागला.

"तिले आनखी काय इचारू, बावा? तिनं मेलेला मानूस उठवला. आता तुमी बोला."

"हो," शेषराव म्हणाला. भिंतीकडे बघून नाही... तिच्याकडे बघून.

आणि सकाळपासून कोंडलेली पंचफुला एकदम ओरडली, "मंग मलेबी उठव ना वं, ललिते!"

राणी उठली. डोमाजीकाकांच्या सैन्याचं त्या दिवशी काही खरं नव्हतं.