कानसेनची फेरी

पटलं नाही तर सोडून द्या, पण यात पदरचा एक शब्दही मी घातलेला नाही.

रविवार होता. दुपारचे चार. लख्ख ऊन. भुतंसुद्धा वामकुक्षी घेत असतील अशी वेळ.

माझे मोठे मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. तरुणपणी ते मोटारींच्या एका शोरूममध्ये मेकॅनिक होते. युद्धानंतर निघालेली लहानशी कंपनी, पंचवीसेक वर्षांत बुडाली. आज तिचं नाव घेतलं तर लोक विचारतात, अशी गाडी होती तरी का? मामांना ते फार लागतं. शोरूमला भली मोठी काच, मेण घासलेली फरशी आणि मधोमध एकच फिकट हिरवी गाडी. घेणारे कमी, बघणारे जास्त.

त्या गाडीची मागची दारं उलटी उघडायची. बिजागऱ्या मागच्या बाजूला. दार नीट लागलं नसेल, तर धावत्या गाडीत वारा ते भसकन उघडणार. म्हणून शोरूमचा नियमच होता. गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी एक फेरी मारायची. मामा चालवणार, जोडीदार मागे दाराला कान लावून बसणार. लावताना खटका दोनदा वाजायला हवा. टक, टक. या जोडीदाराला सगळे कानसेन म्हणत.

एकदा गिऱ्हाईक खोळंबलं होतं. खटका एकदाच वाजला.

"थांबव रे, दुसरा वाजला नाही," कानसेन म्हणाला.

मामांनी ऐकलं आणि तरी गाडी दामटली. पहिल्याच वळणावर दार उघडलं. कानसेन बाहेर फेकला गेला आणि जागच्या जागी गेला. मामांनी सगळ्यांना सांगितलं, दार त्यानंच उघडलं होतं.

पन्नास वर्षं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मामीलाही नाही.

गेल्या वर्षी मामांना भंगारात तसलीच एक गाडी सापडली. आठ महिने खपून त्यांनी ती उभी केली. मामी म्हणायची, "एवढी मेहनत माझ्या गुडघ्यांवर घेतली असती तर मी धावायला लागले असते."

त्या रविवारी पहिली फेरी. मामी मागे चढली, सरकून पलीकडे बसली. मामा पुढे बसले. आता उतरून मागचं दार लावावं, एवढ्यात...

दार आपोआप लागलं.

टक...

मामा वाट बघत राहिले. दुसरा आवाज आला नाही.

ते उतरायला गेले. त्यांच्या बाजूचं हँडल हलेना. आणि गाडी पुढे सरकली. किल्ली अजून त्यांच्या हातातच होती. ब्रेक दाबला, तो दगडासारखा घट्ट. स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं.

"अहो, कुणी बरोबर येणार होतं तर सांगायचं तरी," मामी मागून म्हणाली.

मामांनी आरशात पाहिलं. मामी एकटीच होती. पण तिच्या शेजारची गादी... खोल दबली होती.

वळण आलं. मागचं दार खडखडलं.

गाडी वळणावर थांबली.

हँडल आता फिरलं. मामा धडपडत मागे गेले, दाराला हात घातला.

"उघडू नका," मामी म्हणाली. "ते टेकून बसलेत. पडतील."

तिची मूठ हवेत आवळलेली होती. कुणाची तरी बाही धरावी तशी.

मामा भर रस्त्यात गुडघ्यांवर बसले. रडत रडत सगळं कबूल केलं, एकूण एक.

"ते वाटेतच सांगितलं त्यांनी," मामी म्हणाली. "मला एवढंच सांगा, मी किती वेळ धरू?"

मामांनी फोन केला तेव्हा मी आणि माझा भाऊ गेलो. दुसऱ्या दारानं मामीला उचलून बाहेर काढलं. याला चार महिने झाले. मूठ अजून उघडलेली नाही. डॉक्टर म्हणतात, नस आखडली आहे. असेलही. पण मी स्वतः तो हात उचलून पाहिला आहे, आणि म्हाताऱ्या बाईचा हात एवढा जड नसतो.

मामा दिवसभर तिच्या उशाशी बसून असतात. "माझ्या हातात दे," म्हणतात. "मी धरतो."

मामी जरा वेळ थांबते, कुणाचं तरी ऐकल्यासारखी.

"ते नको म्हणतात," ती सांगते.